भटजींचे मौन

१

कोरगावच्या काजू संस्थेची वेबसाईट शुक्रवारी सकाळी चोरीला गेली, आणि गंमत म्हणजे ती जागच्या जागी होती.

फोन आला तेव्हा मी चहात पाव बुडवत होते. पेडण्याच्या बसस्टँडसमोर एका औषधांच्या दुकानाच्या माडीवर आमचं सुगम केंद्र आहे. तालुक्यात कुणीही नवी वेबसाईट करायला घेतली, की ती न दिसणाऱ्या माणसाला ऐकून, माऊस धरता न येणाऱ्याला नुसत्या कीबोर्डवरून आणि बहिऱ्याला वाचून वापरता येते का, हे आम्ही तपासून देतो. कुठे अडतं ते सांगतो, कसं सुधारायचं ते शिकवतो. हे सगळं फुकट, म्हणून लोक आम्हाला थोडं वेडंच समजतात. दुरुस्ती मात्र ज्याने साईट बांधली त्यानेच करायची, असा विनोदिनीताईंचा नियम आहे. आपण करून दिली तर तो पुढच्या वेळी तीच चूक करणार, असं त्यांचं म्हणणं.

विनोदिनीताई म्हणजे केंद्राच्या प्रमुख. कॉलेजात असतानाच त्यांची नजर गेली. पुढे पणजीच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी टेलिफोन ऑपरेटर म्हणून अख्खी नोकरी काढली, आणि खोटं बोलताना माणसाचा श्वास कुठे अडतो हे त्या तिथे शिकल्या. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला त्यांनी कामावर का ठेवलं, हे कोडं मात्र मला अजून सुटलेलं नाही.

फोन गौरवीचा होता. गौरवी नाईक, कोरगावची, जन्मापासून न दिसणारी, आमच्याकडेच संगणक शिकलेली. काजू संस्थेच्या साईटवर येणाऱ्या ऑर्डरी सांभाळायचं काम तिला मिळायचं होतं. मिळालं नव्हतं, मिळायचं होतं. शनिवारी साईटचं उद्घाटन, आणि तिथेच संचालकांसमोर गौरवीने एक ऑर्डर एकटीने नोंदवून दाखवायची. जमलं तर सोमवारपासून नोकरी. नाही जमलं तर अध्यक्षांच्या मनात दुसरं नाव तयार होतं. तिच्या आयुष्यातली ही पहिली नोकरी, आणि पेडणे तालुक्यात अशी दुसरी कधी निघेल ते देव जाणे.

"अश्विनीताई, साईट गेली," ती म्हणाली. "माझ्याकडे काहीच वाचत नाही."

मी आमच्या संगणकावर साईट उघडली. काजूगर, सोलां म्हणजे आमसुलं, कोकमाचं आगळ, सगळ्यांचे फोटो, भाव, पत्ता. सगळं जिथल्या तिथे.

"अगो, आसा की सगळां," मी म्हटलं. "तुझ्याच संगणकाला काहीतरी झालंय."

विनोदिनीताईंनी माझ्या हातातून कीबोर्ड ओढून घेतला आणि वाचणारा आवाज सुरू केला. हा आवाज पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवतो. आम्ही त्याला भटजी म्हणतो, कारण तो मंत्र म्हटल्यासारखा एका सुरात आणि भरभर वाचतो. बुधवारी संध्याकाळी याच भटजींनी ही साईट आम्हा तिघींना वरपासून खालपर्यंत म्हणून दाखवली होती, अगदी काजूच्या पिशव्यांच्या वजनासकट.

आज भटजींनी संस्थेचं नाव घेतलं. मग म्हणाले, "बटण." आणि गप्प झाले.

ताईंनी बाण दाबले, पान पुन्हा उघडलं, भटजींना हरतऱ्हेने डिवचून पाहिलं. तेच. नाव, बटण, शांतता. त्यांनी ते बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"ते बटण कुठे आहे ते तुला दिसतंय?" त्यांनी मला विचारलं.

मी पडदा नीट पाहिला. बटणासारखं तिथे काही नव्हतं.

"बुधवारी ते नव्हतं," ताई म्हणाल्या. "आणि आज ते फक्त मला आहे, तुला नाही. स्कूटर काढ."

२

एप्रिलमध्ये पेडण्याहून कोरगावला जाताना नाक मोकळं ठेवलं की गाव कुठे सुरू झालं ते कळतं. पिकलेल्या बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, आंबूस गोड वास रस्त्यावर उतरलेला असतो. मागे बसलेल्या ताईंनी अजून कुणाचं नाव घेतलं नव्हतं. मी मात्र मनातल्या मनात तिघांना फासावर चढवून मोकळी झाले होते.

त्यातले दोघे संस्थेच्या कचेरीतच भेटले. कचेरी म्हणजे काजूच्या गोदामाला लागून असलेली एक खोली. गौरवी बाहेर सोप्यावर हात मांडीत घेऊन बसली होती, आणि आत अध्यक्ष मधुकरबाब शेट्ये येरझारा घालत होते.

"बाये, मी पयलींच सांगलेलंय," ते ताईंना म्हणाले. "आम्ही कोणाच्या वायटावर नाय. पण उद्या पावणे येतले, फोटो काढतले, आणि हे चेडू थंय मुक्यान बसून रवला तर आमची शोभा जातली. मी दुसरी व्यवस्था करतंय."

"उद्या दुपारपर्यंत थांबा," ताई म्हणाल्या.

"दुपारपर्यंत. मगे नाय."

दुसरा म्हणजे ओंकार परब, संस्थेचा कारकून. त्याचे आजोबा सावंतवाडीकडून इथे काजूच्या बागेत कामाला आले आणि इथलेच झाले. आजवर ऑर्डरी फोनवरून ओंकारच घ्यायचा. ताईंनी आडवळण न घेता विचारलं, "ओंकार, गौरवी आली म्हणून तुला राग आहे?"

"आसा," तो म्हणाला. मला त्याचं उत्तर अनपेक्षित होतं. "धा वर्सां गिऱ्हाइकांची बोलणी मिया खाल्लंय. आता साईट इली, तर मान दुसऱ्याक. पण साईट मोडून माका काय गावतलां? आता परत तोच फोन आणि तीच बोलणी."

"काल कचेरीत कोण होतं?"

"कोण नाय. मी खोकी आणूक म्हापशाक गेल्लंय. चावी शेजारच्या दुकानात आसता. सगळ्या गावाक ठाऊक."

साईटचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत होता, तेही त्याने सांगितलं. त्याला स्वतःला, मधुकरबाबना आणि साईट बांधणाऱ्या स्वप्नीलला. मधुकरबाबना माहीत होता, पण कुठे टाईप करायचा ते माहीत नव्हतं.

ताई संगणकासमोर बसल्या. जागा सोडायची लांब कळ दाबली तर ती अडत होती. त्यांनी कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला, आणि एक दाणा बाहेर पडला. तांदळाचा.

"माझ्या डब्यातलो असतलो," ओंकार म्हणाला. "मी हंयच जेवतंय."

"तुमच्याकडे भात कसला?"

"उकड्याचो. दुसरो भात आमच्या घशाखाली उतरणा नाय."

मी दाणा उचलून उजेडात धरला. लालसर होता. "उकडाच आहे, ताई. लाल दिसतोय," मी म्हटलं.

ताईंनी तो माझ्याकडून घेतला, बोटांत फिरवला आणि दातांखाली धरला. मग रुमालात बांधून ठेवला आणि ओंकारचे आभार मानून बाहेर आल्या.

"अश्विनी, तू चांगली मुलगी आहेस, पण तू फार बघतेस," त्या सोप्यावर येऊन म्हणाल्या. "उकडा जाड असतो. हा बारीक, लांब. हा सुरय तांदूळ आहे, न उकडलेला, आणि कोरडा आहे. जेवणाऱ्याच्या डब्यातून कोरडा तांदूळ सांडत नाही."

"मग लाल कसा?"

"तोच प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. आमचा तिसरा माणूस आपणहून आला होता.

३

स्वप्नील गावकर डिचोलीचा. खाणी बंद झाल्या आणि वडिलांचा ट्रक दारात उभा राहिला, तेव्हा या मुलाने घरी बसून वेबसाईट करायचं शिकून घेतलं. त्याचा मला अभिमान वाटायचा आणि रागही यायचा. अभिमान यासाठी की आमच्या बुधवारच्या वर्गाला तो डिचोलीहून न चुकता यायचा. राग यासाठी की त्याला साधेपणा सोसत नाही. कोरगावची साईट त्याने पहिल्यांदा दाखवली तेव्हा लग्नघर मांडलं होतं. आपोआप वाजणारी सनई, पळती अक्षरं, लुकलुकणाऱ्या पणत्या, उद्घाटनाचा मखमली पडदा, वरून पडणारी फुलं. ताईंनी एकेक करून सगळं काढायला लावलं. पळत्या अक्षरांवरून तर वादच झाला होता.

"स्वप्नील, बुधवारनंतर तू साईटवरचा मजकूर बदललास?" ताईंनी विचारलं.

"देवाची शपथ, ताई. एका अक्षराला हात लावलेला नाही."

"फोटो?"

"फोटोलाही नाही. त्यांची वर्णनंसुद्धा तशीच आहेत. आता वाटेत थांबून मोबाईलवर बघितलं मी. सगळं जागेवर आहे."

"बघितलंस," ताई म्हणाल्या. "ऐकलंस का?"

त्याने मान खाली घातली. तो गौरवीकडे बघत होता आणि तिच्याइतकाच घाबरलेला दिसत होता. मला तर त्याची दया यायला लागली. गुन्हेगार असा दिसत नाही, असं मला वाटलं. मग वाटलं की गुन्हेगार असाच दिसत असेल.

"वर्गात शिकवलेलं सगळं पाळतोस ना?" ताईंनी विचारलं.

"अगदी सगळं," तो मान वर करून म्हणाला. हे मात्र त्याने ठासून सांगितलं. मग चहा पिऊन येतो म्हणून शेजारच्या दुकानाकडे निघून गेला.

"कसा वाटला?" मी हळूच विचारलं.

"प्रत्येक वाक्य खरं बोलला. पण दर वाक्यानंतर श्वास घ्यायला थांबला. खरं बोलणाऱ्याला एवढा श्वास लागत नाही. त्याला काहीतरी सांगायचं आहे आणि कुणालातरी न सांगायचं वचन दिलेलं आहे."

"वचन कुणाला देणार तो इथे? डिचोलीचा माणूस."

ताई उत्तर देणार तेवढ्यात गौरवीचा मोबाईल वाजला. ऐकून तिने तो मांडीवर ठेवला.

"आईचा फोन," ती म्हणाली. "म्हणते, लगेच घरी ये. उद्या जायचंच नाही."

४

गौरवीचं घर कचेरीपासून लांब नाही, आम्ही चालतच निघालो. ताईंचा हात माझ्या दंडावर आणि गौरवीचा ताईंच्या खांद्यावर. वाटेत गौरवी बोलत होती आणि ताई एकेक प्रश्न विचारून तिला बोलतं ठेवत होत्या.

तिची आई सत्यवती. नवरा लवकर गेला, मुलीला एकटीने वाढवली. गौरवीने कामाला जायला तिचा पहिल्यापासून विरोध. बस, रस्ता, लोक, सगळ्यांचं भय. त्यात मधुकरबाबनी पाहुण्यांच्या सोयीने शनिवार ठरवला, आणि शनिवारी नेमकी अमावास्या. बुधवारी रात्रीपर्यंत घरात यावरून भांडण चालू होतं.

"आणि काल?" ताईंनी विचारलं.

"काल आई सकाळी देवळात गेली. मला म्हणाली, लवकर येते. आली ती जेवणवेळ टळल्यावर. मला वाटलं आता परत सुरू होणार. पण काही बोललीच नाही. संध्याकाळी माझा उद्याचा ड्रेस काढून स्वतः इस्त्री केली." गौरवी थांबली. "मला इतकं बरं वाटलं, ताई. आणि आज सकाळी मी घरी फोन करून सांगितलं की साईट वाचत नाही. तेव्हापासून ती आणखीच बिथरली."

"चिडली?"

"चिडली नाही. घाबरली."

सत्यवती अंगणात बसून बोंडूंपासून काजू सोडवत होती. आम्हाला पाहून उठली, हात पुसले, पाट मांडले, पाणी दिलं. पाहुणचारात कमी नाही. पण बोलणं सुरू झालं तेव्हा ती पुन्हा काजू सोडवायला बसली आणि तिने आमच्याकडे पाहिलं नाही.

"ताई, तुमी तिका शिकयलात, उपकार आसत. पण देवीच्या मनात नाय. माझां चेडू माझ्या घरात बरां. उद्या ती येवची नाय."

"आये," गौरवी म्हणाली.

"गप रव."

"देवीच्या मनात नाही हे तुम्हाला कसं कळलं?" ताईंनी विचारलं.

"असल्यार आसां झाला असतां?"

ताईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि रुमालाची गाठ सोडली. "सत्यवतीबाय, तुमच्याकडे जेवायला उकडा असेल. सुरय तांदूळ घरात कधी आणता?"

सत्यवतीचा काजू सोडवणारा हात जागच्या जागी थांबला.

५

"अश्विनी, स्वप्नीलला बोलाव," ताई म्हणाल्या. "तो चहा पीत नसणार. फाटकाबाहेर उभा असणार."

आणि होताच तो. मागोमाग चालत आला होता. आत येऊन सत्यवतीच्या शेजारी, थोडा मागे, उभा राहिला. खरं तर तिथेच सगळं उघड झालं होतं, पण मला अजून कळत नव्हतं. ताईंनी समजावलं ते गौरवीकडे तोंड करून, जणू बाकी आम्ही कुणी नव्हतोच.

"मजकूर कुणी पुसला नाही, कारण अश्विनीला तो दिसतो. म्हणजे तो फक्त आपल्यापासून झाकला गेला. का? आता ते बटण घे. त्याला नाव नाही, म्हणजे ते डोळ्यांनी बघून दाबायचं होतं. आज ते दिसत नाही आणि दाबलं तर काही करत नाही, म्हणजे त्याचं काम होऊन गेलेलं आहे. एकदाच दाबायचं आणि मग काही करायचं नाही, असं बटण कशाला लागतं?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही." मला गप्प बसणं जमत नाही.

"तांदूळ बघ मग. सुरय तांदूळ कोरडा आणि लाल. तुला लाल दिसला म्हणून उकडा वाटला, मला हाताला सुरय लागला. दोन्ही खरं. सुरय तांदळाला कुंकू लावलं की काय होतं?"

"अक्षता," गौरवी म्हणाली.

"कचेरी बंद असताना कुणीतरी संगणकाची पूजा केली. पूजा, आणि एकदाच दाबायचं बटण. ते उद्घाटन होतं. शनिवारचं नव्हे, गुरुवारचं, अमावास्या टाळून. आता करणार कोण? ओंकार म्हापशात होता. मधुकरबाब फोटोग्राफरशिवाय नारळसुद्धा फोडणार नाहीत. स्वप्नीलकडे मी काढायला लावलेला तो मखमली पडदा पडून होता, पण त्याला मुहूर्ताची पर्वा नाही. मुहूर्ताची पर्वा ज्या एका माणसाला होती, ते माणूस काल जेवायच्या वेळेला घरी नव्हतं, आणि परत आल्यावर त्याचा विरोध संपलेला होता."

सत्यवती पदराने तोंड झाकून रडायला लागली. आवाज न करता.

"मीया देवीक कौल लायलंय," ती जरा वेळाने म्हणाली. कौल म्हणजे देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पाकळी आधी पडली की होकार. आमच्याकडे लग्न ठरवायचं, विहीर खणायची, तर आधी हे. "माझ्या चेडवाक धाडू काय, असां विचारलंय. उजवी पडली. मगे माका धीर इलो. पण अवसेक कशी सुरवात करूची? ह्या झिलाक फोन केलंय, म्हटलंय, तू माझ्यासाठी आज उघड. कोणाक सांगा नको."

"मी नाही म्हणायला हवं होतं," स्वप्नील म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पण पडदा तयार होता. मी आलो, दुकानातून चावी घेतली. काकींनी पूजा केली, स्वतः माऊस धरून बटण दाबलं, पडदा सरकला, फुलं पडली. त्या इतक्या खूश झाल्या. मग म्हणाल्या, मुहूर्तावर उघडलेलं आता मिटू नको, काढूही नको. म्हणून मी पडदा काढला नाही, उघडाच ठेवला. पण ताई, त्याने साईट कशी जाईल? पडदा तर बाजूला गेलाय."

"तूच आठव. समोर काही उघडलं की मागच्या मजकुराचं काय करायचं, मी काय शिकवलं?"

"भटजींपासून झाकायचा. नाहीतर ऐकणारा माणूस पुढचं सोडून मागच्या मजकुरात हरवतो. ते मी केलं, ताई. पडदा लावताना पहिलं तेच केलं."

"आणि पडदा सरकल्यावर?"

स्वप्नीलने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मी मध्येच हसले, मग लाज वाटली. बिचाऱ्याने आमचाच धडा मन लावून पाळला होता, पण अर्धा. पडदा सरकलेला डोळ्यांनी पाहिला आणि काम झालं असं समजला. मागचं झाकण तसंच राहिलं, आणि डोळे असलेल्या एकालाही ते कळायचं कारण नव्हतं.

"म्हणजे देवीचो कोप नाय?" सत्यवतीने विचारलं.

"देवीचा काही संबंध नाही, काकी. माझी चूक आहे. आत्ता नीट करतो." त्याने पाठीवरची पिशवी काढली आणि लॅपटॉप तिथेच पायरीवर उघडला.

प्रकरण संपलं असं वाटून मी पाण्याचा तांब्या उचलला. पण गौरवी उठून उभी राहिली होती. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला.

"आये, तू देवीक विचारलंस. माका विचारलंस नाय."

मग ती विनोदिनीताईंच्या दिशेला वळली.

"आणि ताई, तुमीसुद्धा. तो पडदो नको म्हणून तुमी सांगलास. मधुकरबाब म्हणतत शोभा जातली. ओंकार म्हणता मान गेलो. नोकरी माझी, साईट मीया वापरूची. पडदो होयो काय नको, ह्यां एकान तरी माका विचारल्यान? माका आवडलो असतो पडदो. माका उघडूक मेळात असो."

ती आत निघून गेली. सत्यवती तिच्यामागे गेली नाही. विनोदिनीताई बराच वेळ रुमालाची घडी घालत बसल्या. त्यांना मी कधी खजील झालेलं पाहिलं नव्हतं. मग त्या स्वप्नीलच्या दिशेला वळून म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे. मला सगळं कळतं असं मी धरून चालले. पडदा ठेव. बटणाला नाव दे, एंटर दाबून उघडेल असं कर, आणि मागचं झाकण निघतंय का ते ऐकून बघ. बघून नाही, ऐकून."

"पण काकी म्हणाल्या होत्या, उघडलेलं परत मिटायचं नाही," स्वप्नील म्हणाला.

सगळ्यांनी सत्यवतीकडे पाहिलं. तिने मात्र उत्तर द्यायचं सोडून पुन्हा काजू सोडवायला घेतले. ती उद्या मुलीला पाठवणार का, हेही तिने सांगितलं नाही, आणि आम्हाला विचारायचा धीर झाला नाही.

६

शनिवारी गोदामासमोर मांडव घातला होता. पाहुणे आले, हार झाले, भाषणं झाली. मधुकरबाबनी संस्थेचा इतिहास अगदी पहिल्या काजूच्या झाडापासून सांगितला. मी फाटकाकडे बघत होते. विनोदिनीताई हातातली काठी उगाच घट्ट धरून बसल्या होत्या.

भाषण संपत आलं तेव्हा त्या दोघी आल्या. गौरवीने इस्त्रीचा ड्रेस घातला होता. सत्यवती एक पाऊल मागे होती, आणि मुलीचा हात तिने धरलेला नव्हता. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं चालताना पहिल्यांदा पाहिलं. स्वप्नीलजवळून जाताना सत्यवती त्याला म्हणाली, "मीट तो पडदो. आता तिका उघडूंदे."

मांडवात मोठ्या पडद्यावर लाल मखमल दिसायला लागली. लोकांना वाटलं आता पाहुणे पुढे होणार. पाहुणे उठलेही. पण स्वप्नीलने लॅपटॉप गौरवीसमोर ठेवला. भटजी म्हणाले, "पडदा उघडा, बटण." गौरवीने एंटर दाबलं. पडदा सरकला, फुलं पडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, मी ऐकत होते. एक क्षण शांतता होती. मग भटजी सुरू झाले ते काजूगरांपासून सोलांपर्यंत, एका दमात.

पाहुण्यांनी भाजलेले काजू मागितले, घरचा पत्ता सांगितला. गौरवीची बोटं कीबोर्डवर चालत राहिली. माऊस शेजारी होता, त्याला कुणी शिवलं नाही. ऑर्डर नोंदली गेली तेव्हा मोठ्या पडद्यावर पाहुण्यांचं नाव उमटलं, आणि भटजींनी तेच नाव मोठ्याने घेतलं. मागे कुणीतरी म्हणालं, "आयला, हिका तर आमच्यापेक्षा बेगीन जमता." ताईंनी माझा हात शोधून घट्ट धरला. मला रडू आलं, आणि ते आलं म्हणून सांगायला मला लाज वाटत नाही.

मधुकरबाब पुढे आले. चेहरा थोडा पडलेला होता, पण माणूस दिलेल्या शब्दाला जागणारा. त्यांनी गौरवीकडे कौतुकाने पाहिलं, आणि मग तिच्या डोक्यावरून मागे उभ्या असलेल्या आईला विचारलं, "सत्यवती, सोमवारपासून धाडतलस मगो तिका?"

सत्यवतीने पदर सारखा केला. आदल्या दिवशीच्या रडण्याने तिचे डोळे अजून सुजलेले होते.

"माका कित्याक विचारतास?" ती म्हणाली. "तिका विचारा."

मधुकरबाब गोंधळले. मग खाली वाकून त्यांनी तोच प्रश्न गौरवीला विचारला, पहिल्यांदाच तिला.

गौरवीने लॅपटॉप मिटला आणि आवाजाच्या दिशेने मान वर केली.

"सोमवार कित्याक?" ती म्हणाली. "पावण्यांची ऑर्डर इली मगो. माझां कदेल खंय आसा?"

ओंकार कडेला उभा होता. तो कचेरीत गेला, आणि आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. गौरवी त्या आवाजाकडे चालत गेली.